शंभरी ओलांडलेली जि. प. शाळा, दाखल-खारीज रजिस्टर आणि आमच्या पोट्ट्यांचं वाचन

खारपाणी
सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतो आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आमचं गाव. विहिरीचं पाणी असं की चहा नासतो. शाळा पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट तिशीच्या आत. दोन खोल्या जुन्या कवेलूच्या, दोन नव्या स्लॅबच्या, आणि गळतात मात्र नव्या. मी याच शाळेत शिकलो. आता शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, लहानी पोरगी तिसरीत आहे.

मागच्या उन्हाळ्यात पुतण्याच्या जात पडताळणीसाठी आजोबांचा दाखल-खारीजचा उतारा हवा होता. बाईंनी (मुख्याध्यापिका) लोखंडी कपाट उघडलं. तळाशी लाल बासनात बांधलेली चार रजिस्टरं होती. कामापुरतं पान पाहून उठायचं, असं ठरवून बसलो आणि उठलो ते दिवेलागणीला. शाळेची शंभरी केव्हाच होऊन गेली आहे आणि गावात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. पहिल्या रजिस्टराची सुरुवातीची पानं गेलीत, त्यामुळे नेमकं साल हाती लागत नाही.

एक पान सांगतो. शाई तांबूस झालेली, अक्षर मात्र टाकसाळीतून पडल्यासारखं. रकाने असे: क्रमांक, मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, धंदा, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, कमी केल्याची तारीख, कारण, शेरा. माझ्या आजोबांची जन्मतारीख १ जुलै. त्यांच्या चुलतभावाचीही १ जुलै. खाली बोट फिरवत गेलो तर अर्ध्या पानाचा वाढदिवस एकाच दिवशी. आजी हसली आणि म्हणे, "जन्म कोन लिवून ठेवला होता? उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला का गुर्जी म्हनत, झाला सहा वर्साचा."

पण मला धरून ठेवलं ते 'कारण' या रकान्याने. "ढोरे राखण्यास." "बाप मयत." "मजुरीस जातो." "गाव सोडले." एका मुलीच्या पुढे नुसतं "लग्न". आणि 'कमी केल्याची तारीख' पाहत गेलं की कळतं, दिवाळीच्या आगेमागे, कापूस फुटला की नावं धडाधड कमी होतात.

त्या दिवशी पोरगी शेजारी बसली होती. पुस्तकातला धडा वाचताना ही दर दुसऱ्या शब्दाला अडखळते. इथे मी बोट ठेवत होतो आणि ती घडाघडा वाचत होती, "ढो-रे रा-ख-ण्यास... बाबा, हा आपल्या शेजारच्या आबाचा बाबा नाही का?" हस्तलिखित, जुनं वळण, जोडाक्षरं, तरी वाचत होती, कारण तिला पुढे काय आहे ते पाहायचं होतं.

हे मी बाईंना सांगितलं. बाई हुशार. त्यांनी शाळा उघडल्यावर एक गोष्ट सुरू केली. दर शनिवारी दोन-दोन पोरं एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन एकच प्रश्न विचारतात, 'तुमच्या वेळी शाळा कशी होती?' ऐकलेलं येऊन सांगतात. बाई ते जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर मार्करने मोठ्या अक्षरात आठ-दहा ओळींत उतरवतात. आठवडाभर ते वर्गात टांगलेलं असतं आणि सगळे तेच वाचतात. पहिलीवाले आपल्या नावाचं अक्षर शोधतात, चौथीवाले शेवटी एक प्रश्न लिहितात. सुकडी आणि दुधाच्या पावडरीची आठवण तर चार घरांतून आली.

आता विचारायचं आहे ते असं. रजिस्टरांना कसर लागली आहे, काय करावं? दुसरं, गावात शंभरीच्या कार्यक्रमाची चर्चा आहे आणि वर्गणीतून स्वागत कमान उभारायची असं बहुमत दिसतं. माझं म्हणणं, शाळेचा इतिहास कमानीवर कोरून किंवा स्मरणिकेत छापून पोरांच्या काही उपयोगाचा नाही, तो त्यांच्या वाचनात आला पाहिजे. लोक म्हणतात, पोट्ट्यांचं वाचन मास्तर पाहतील, तू कमानीचं पाहा. काय करू?

-----

सह्याद्रीवारा
सोमवार, रात्री १०.१५

वा, मस्त धागा! वाचनखूण साठवली आहे. स्मरणिका काढाच आणि पीडीएफ इथे टाका. एक शंका: आमच्याकडे जुन्या शाळांवर 'लोकल बोर्ड' लिहिलेलं असे. तुमच्याकडेही तसंच का?

-----

जुना_दाखला
मंगळवार, सकाळी ७.०५

नोकरीची बत्तीस वर्षं शिक्षण खात्यात बाबूगिरी केली, तेव्हा या विषयावर मी गप्प बसणं शक्य नाही.

सह्याद्रीवारा, वऱ्हाडाचं प्रकरण मुंबई इलाख्यापेक्षा वेगळं आहे. वऱ्हाड मूळ निजामाचं. १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या हाती आलं, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने आलं आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडलं. म्हणून आमच्या जुन्या कागदांवर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असतं. शाळा डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या. १९४८ च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. जिल्हा परिषद आली ती १ मे १९६२ पासून. खारपाणी, तुमच्या रजिस्टरांवर 'जनपद सभा' असा गोल शिक्का सापडेल, नीट पाहा.

आमच्या पिढीची गंमत ऐका. मी १९५५ च्या जुलैत पहिलीत बसलो तेव्हा राज्य मध्यप्रदेश, राजधानी नागपूर. दुसरीत असताना, १ नोव्हेंबर १९५६ ला, आम्ही मुंबई राज्यात. पाचवीची परीक्षा दिली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. शाळा तीच, बसायची तरटपट्टी तीच, गुरुजी तेच. तीन राज्यं पायाखालून गेली. हे पोरांना वाचायला द्या, नकाशा आपोआप कळेल.

उताऱ्यांबद्दल. जुन्या रजिस्टरांना आज किंमत आली ती इतिहासामुळे नव्हे. पडताळणीत अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा कैक शाळांची कपाटं पन्नास वर्षांनी उघडली. काही पानं मोडीत निघाली आणि मोडी वाचणारा माणूस शोधत सगळे फिरले. एका ठिकाणी (ठिकाण सांगत नाही) मला दाखवलेलं रजिस्टर उंदरांनी मधोमध कुरतडलं होतं. अर्ध्या गावाला बाप होता, आडनाव नव्हतं.

आता कसरीचं. लॅमिनेशन करू नका. करू नका म्हणजे करू नकाच. कागद आतल्या आत शिजतो आणि पुन्हा निघत नाही. फाटलं तिथे सेलोटेपही नको, दहा वर्षांत पिवळा होऊन अक्षरासकट सुटतो. उन्हात ठेवू नका, शाई उडते. मऊ ब्रशने पानापानातली धूळ काढा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, धुतलेल्या सुती कापडात बांधा आणि भिंतीला न टेकलेल्या कपाटात वरच्या खणात ठेवा. तळाशी ओल येते. आणि आधी मोबाइलने प्रत्येक पानाचा सरळ वरून, सावली न पडू देता फोटो काढा. फोटोंची एक प्रत शाळेत, एक पंचायतीत. पोरांच्या हाती फोटोची झेरॉक्स द्यायची, मूळ रजिस्टर नाही.

-----

नागपुरी_फोडणी
मंगळवार, दुपारी १.३०

सगळं छान छान चाललंय म्हणून थोडं तिखट. खारपाणी भाऊ, लहानी झेडपीत म्हणता, मग मोठं लेकरू कुठे आहे?

-----

खारपाणी
मंगळवार, दुपारी २.१०

दुखऱ्या जागी बोट ठेवलं तुम्ही. मोठा कॉन्व्हेंटात आहे. आमच्याकडे इंग्रजी नाव असलेली कुठलीही शाळा म्हणजे कॉन्व्हेंट. पिवळी गाडी घरासमोर येते, टाय असतो. सहावीत आहे. इंग्रजी धडा मोठ्याने वाचतो, अर्थ विचारला की माझ्याकडे पाहतो. मराठी वाचायला दिलं तर म्हणतो, हे आमच्या अभ्यासाला नाही. लहानीला इथे ठेवली त्यात तत्त्व कमी, त्या वर्षी सोयाबीनला भाव नव्हता हे जास्त. आता तत्त्वही आहे.

-----

पाटीपुसणं
मंगळवार, रात्री ११.२०

मी यवतमाळ जिल्ह्यात सतरा वर्षं प्राथमिक शिक्षिका आहे. खारपाणी भाऊ, तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. थोडं लांबेल.

आधी एक सावधगिरी. पोरांनी भिंतीवरचं घडाघडा म्हटलं म्हणजे वाचलं असं नसतं. आठवडाभर तेच टांगलेलं असेल तर बुधवारपर्यंत पाठ होतं. माझ्याकडे एक पोरगा अख्खा धडा 'वाचायचा', पुस्तक उलटं धरूनसुद्धा! म्हणून शुक्रवारी त्याच मजकुरातली दोन वाक्यं उलटसुलट करून नव्या कागदावर लिहा आणि एकेकाला वेगळं बसवून वाचायला द्या. खरं काय ते तिथे कळतं. 'असर' या शिक्षण-पाहणीवाले २००५ पासून खेड्यांत घरोघर जाऊन हेच करतात: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट, मूल कुठे थांबतं तेवढंच पाहायचं. तपासायला पाच मिनिटं लागतात. आणि गट करायचे तर इयत्तेचे नको, थांबलेल्या जागेचे करा. तिसरीतलं शब्दावर थांबलेलं पोर आणि पहिलीतलं शब्दावर आलेलं पोर एकत्र बसलं तर काही बिघडत नाही. चौथीतल्याला लाज वाटते तेवढी सांभाळावी लागते. मी अशांना 'पहिलीच्या पोरांना शिकव' म्हणून बसवते.

दुसरं, भाषेचं. हे बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या दुसरीतल्या एका पोरीसमोर वाक्य होतं, "आई म्हणाली, तुला काय हवे आहे?" तिने वाचलं, "माय म्हने, तुले काय पायजे?" तपासायला आलेल्या साहेबांनी वहीत चुका मोजल्या. मी मनात म्हटलं, साहेब, हिच्याइतकं शुद्ध वाचन आज वर्गात कुणाचं झालं नाही. तिने अक्षरं पाहिली, अर्थ पकडला आणि तो आपल्या घरच्या बोलीत बोलून दाखवला. जे पोर "आ-ई म्ह-णा-ली" असं सुटं सुटं बरोबर वाचतं आणि शेवटी 'कोण म्हणालं?' विचारलं की गप्प राहतं, त्याचं मला भय वाटतं. तुमच्या पोरीचं 'ढोरे राखण्यास' याच जातीचं आहे. शब्द घरचा, माणूस शेजारचा, म्हणून गाडी चालली. पण तिथेच थांबू नका. गावचा मजकूर हा उंबरठा आहे. पोर त्यावर उभं राहिलं की पुढचं पुस्तक लगेच हातात द्या, नाहीतर ते जन्मभर आपल्याच गावाबद्दल वाचत बसेल.

तिसरं, पुस्तकं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे की प्रत्येक शाळेत वाचनालय हवं, वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा. पुस्तकं येतातही. आणि कपाटात जातात. माझी आधीची एक शाळा होती, तिथे गोष्टींच्या पुस्तकांचा गठ्ठा सुतळीसकट तीन वर्षं कुलपात होता. का? 'फाटलं तर हिशेब कोण देणार?' मी किल्ली मागितली तर रजिस्टरवर सही मागितली, मी सही केली. पहिल्या महिन्यात चार पुस्तकांचे कोपरे गेले, एक बकरीने खाल्लं. हो, खरंच बकरीने. मी शेरा लिहिला, 'वाचनात जीर्ण'. आजवर कुणी विचारलं नाही.

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडते, बाकी महाराष्ट्रात १५ जूनला. एप्रिलमध्ये सकाळची शाळा. मधल्या उन्हाळ्यात कच्च्या पोरांचं वाचन पार वाळून जातं. म्हणून परीक्षा झाली की प्रत्येकाला दोन पुस्तकं घरी द्या. परत किती येतात ते मोजू नका. आणि 'किशोर'चे जुने अंक मिळतील तिथून गोळा करा. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर गठ्ठा असतोच.

-----

सह्याद्रीवारा
बुधवार, सकाळी ८.५०

पाटीपुसणं ताई, 'वाचनात जीर्ण' जबरदस्त. 😀

-----

तकली
बुधवार, सकाळी ११.००

वर्ध्याची आहे. एक पुरवणी. ऑक्टोबर १९३७ मध्ये आमच्याकडे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, त्यातून नई तालीम, म्हणजे हाताने काम करता करता शिकायची पद्धत, निघाली. त्याच सुमारास या प्रांतात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना आली: गावाने शाळेला जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. तुमच्या गावात शाळेच्या नावाने एखादं वावर आहे का, तलाठ्याकडे विचारून पाहा. जुन्या माणसांना 'सूत कातत होता का?' हेही विचारायला लावा. माझे वडील कातलेलं सूत घरी आणायचे आणि आजी त्याने पापडांचं पुडकं बांधायची.

-----

झाडीपट्टीवाला
बुधवार, रात्री ९.१५

उशिरा आलो. सगळे कौतुकात आहेत, माझं थोडं वेगळं.

खारपाणी, तुम्ही रकाने सांगताना 'जात' हा रकाना इतरांसारखाच वाचून पुढे गेलात. तिसरीच्या पोरीबरोबर बोट ठेवून वाचताना तिने तो वाचला का? वाचला असेल तर 'बाबा, हे काय?' याला काय उत्तर दिलंत? ही पानं झेरॉक्स होऊन वर्गात फिरली की कुणाच्या आजोबाच्या पुढे काय लिहिलं आहे ते सगळ्या वर्गाला कळणार. गावाला ठाऊक असतं हे मलाही ठाऊक आहे. पण शाळेच्या कागदावर बाईंच्या साक्षीने वाचणं वेगळं.

आणि दुसरं. माझे आजोबा अशाच एका रजिस्टरात आहेत. नाव आहे, दाखल तारीख आहे, 'वर्तणूक चांगली' आहे. ते बसायचे पडवीत. गुरुजी पाटी हातात घेत नसत, खाली ठेवायला लावत आणि लांबून पाहत. रजिस्टरात पडवीचा रकाना नसतो. तुमच्या कॅलेंडरवर सुकडी आली, दुधाची पावडर आली. पडवी आली का?

-----

जुना_दाखला
बुधवार, रात्री ९.५०

झाडीपट्टीवाला, मान खाली घालून वाचलं. कागदाचा माणूस कागदालाच खरं मानतो, ही आमची खोड.

तुमच्या म्हणण्याला जोड म्हणून एवढंच. अमरावतीत १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. पंजाबराव देशमुख त्या चळवळीत होते आणि पुढे डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. दर्यापूर हे त्याच जिल्ह्यातलं. म्हणजे त्या पोरांना हा इतिहास लांबचा नाही, मोटारसायकलने तासाभराचा आहे.

झेरॉक्सचं सोपं आहे. जातीच्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवून मग फोटोची प्रत काढायची. मूळ कागद तसाच राहतो, कारण पडताळणीला तोच लागतो.

-----

नागपुरी_फोडणी
बुधवार, रात्री १०.३०

पट्टी ठेवली तर पोरं आधी विचारतील, पट्टीखाली काय आहे!

-----

झाडीपट्टीवाला
बुधवार, रात्री १०.४२

विचारू द्या. तेव्हा सांगा. चौथीतल्याला सांगता येतं. मला घरी दुसरीतच सांगितलं होतं, आम्हाला वाट पाहायची सोय नव्हती.

-----

खारपाणी
रविवार, सायंकाळी ६.२५

चार दिवस कापसाच्या फवारणीत गेले, उत्तराला उशीर झाला. माफी.

झाडीपट्टीवाला, तुमचा प्रतिसाद मी बाईंना मोबाइलवर वाचायला दिला. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पोरं ज्या घरांत गेली ती घरं कोणी निवडली? खरं आहे. पोरं शाळेच्या आजूबाजूच्याच घरांत गेली होती. पोरीने तो रकाना वाचला होता का, हेही विचारलंत. वाचला होता. मी पुढच्या रकान्यावर बोट सरकवलं होतं.

या शनिवारी दोघं जण वेशीपलीकडच्या वस्तीत गेले. ऐंशीच्या पुढची एक आजी आहे, स्वतः शाळेत गेली नाही, तिचा भाऊ गेला होता. तिने सांगितलेलं बाईंनी फारसं न बदलता उतरवलं. कॅलेंडरवर आता हे आहे:

"माहा भाऊ शाळेत जाये. तो पडवीत बसे. पानी आलं का भिजे. मंग त्याची पाटी मी पदराखाली धरून घरी आनो. पाटीवरचं पुसू देत नव्हती मी. मले वाचता येत नव्हतं, पन पुसू देत नव्हती."

बाईंनी विचारलं, हे प्रमाण भाषेत करू का? चौथीतली पोरं नाही म्हणाली. म्हणून खाली दुसऱ्या रंगात तेच पुस्तकी मराठीत लिहिलं आहे, दोन्ही वाचायचं. पाटीपुसणं ताई, शुक्रवारी तुमची उलटसुलट परीक्षाही घेतली. पहिल्या फेरीत पाठ करून म्हणणारे पाच जण सापडले, त्यात माझी पोरगीही होती. आता ती शब्दांच्या गटात पहिलीवाल्यांबरोबर बसते आणि घरी येऊन सांगते की मी त्यांना शिकवते.

तकली ताई, शाळेच्या नावाचं वावर नाही. एका म्हाताऱ्याला टकळी आठवते, सूत मात्र कधी जमलं नाही म्हणतो.

रजिस्टरांचे फोटो काढून झाले. 'जनपद सभा'चा गोल शिक्का सापडला, जांभळ्या शाईचा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. मागे एक मेलेली पाल आणि १९८० च्या दशकातला तक्ता निघाला, 'क कमळाचा'.

कमानीचं म्हणाल तर कमान होणार. सभेत मी एकटा पडलो. वर्गणीदारांची नावं कोरायला जागा कुठे, हा प्रश्न आला आणि माझा मुद्दा तिथेच संपला. एक मात्र पदरात पडलं. कमानीच्या आतल्या बाजूची भिंत शाळेला दिली आहे. तिथे काळा फळा रंगवून दर आठवड्याचा मजकूर लिहायचा, म्हणजे दूध घालायला जाणारे थांबून वाचतील. थांबतील की नाही ते पाहू. फळ्याला कोणता रंग टिकतो, कुणाला माहीत आहे का?

-----

जुना_दाखला
रविवार, सायंकाळी ७.००

खारपाणपट्ट्यात भिंतीला क्षार फुटतात, कोणताही रंग दोन पावसाळ्यांत पापुद्रे धरतो. आधी खालून तीन फूट सोडून द्या, वरच्या भागाला प्लास्टर सुकू द्या, मगच ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन हात. आणि तीन फूट सोडायचं म्हणजे पहिलीवाल्यांचा हात पुरणार नाही, त्यांच्यासाठी खाली एक लाकडी फळा टेकवून ठेवा.

-----

पाटीपुसणं
रविवार, रात्री १०.०५

आजीला ते वाचून दाखवलं का कुणी?

-----

खारपाणी
रविवार, रात्री १०.३०

हो. दोघांपैकी एक जण कॅलेंडर काढून घेऊन गेला होता, बाईंना न विचारता. आजीने ऐकलं आणि म्हणे, "पदराखाली नाही, पोलक्यात धरो मी. नीट लिव." उद्या दुरुस्ती आहे.